फळ्यावरची खालची ओळ

जय भीम. सलाम. नमस्कार.

माझा आवाज मागं पोचतोय ना? पोचत असणार. माईक माझाच आहे. मंडप माझा, खुर्च्या माझ्या, स्पीकर माझा. उस्मानपुऱ्यात आणि गारखेड्यात मिळून किती शोकसभांना मी मंडप घातला ते मला आठवत नाय. दर वेळी माईकसमोर उभा राहतो, हॅलो हॅलो म्हणतो, आणि बाजूला होतो. आज बाजूला होता येत नाय. प्रज्ञा म्हणाली, युनूसकाका, तुम्ही बोलायचं. आपल्या इंदूताईंची मुलगी बोलली म्हटल्यावर नाय म्हणायची माझी हिंमत झाली नाय. अडखळलो तर समजून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. डावीकडं बसलेल्यांच्या तोंडावर ऊन येतंय. दोघं-तिघं मघाशी येऊन मला म्हणाले, युनूसभाई, तिकडचं कापड राहिलंय. राहिलं नाय. या बुद्धविहाराच्या दक्षिणेच्या बाजूचं एक कापड मी मुद्दाम सोडलंय. का ते शेवटी सांगतो. तोवर थोडं सरकून बसा.

आणि हे जे माझ्या बाजूला उभं आहे ते तुम्ही सगळे ओळखता. चौकातला फळा. आज सकाळी मी चार खिळे काढून तो भिंतीवरून उतरवला आणि इथं आणला. सभा झाली की परत तिथंच ठोकणार आहे. काही लोकांचं म्हणणं पडलं की त्या जागी ताईंच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावू, मोठा, फोटोसकट. फ्लेक्स मीच छापून आणलाय. पण तो मी बाजूच्या भिंतीवर लावणार. फळ्यावर नाय. फळ्यावर काहीच झाकायचं नाय. यावर कुणाला भांडायचं असेल तर माझ्याशी भांडा, मी तयार आहे.

इंदू साळवे कोण होत्या हे इथं कुणाला सांगायला नको. पण प्रज्ञाच्या सासरची मंडळी पहिल्यांदाच आलीत, त्यांच्यासाठी सांगतो. ताई वेधशाळेत नोकरीला होत्या. पाऊस मोजायचा, वारा मोजायचा, आणि आभाळातल्या उपग्रहाकडून ढगांचा फोटो यायचा तो बघायचा. त्या काळी तो मशीनमधून कागदावर निघायचा. रिटायर झाल्या आणि घरी बसवेना. चौकात स्वतःच्या पैशानं फळा लावला. फोटो मोबाईलवर यायला लागला होता. रोज तो बघायचा आणि फळ्यावर लिहायचं, आज काय होईल. वाळूजच्या कारखान्यांच्या बसला उभी राहणारी पोरं, पापड वाळवणाऱ्या बाया, आम्ही मंडपवाले, सगळे वाचायचे.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. एका पार्टीनं माझा मंडप ऐन दिवशी रद्द केला आणि लग्न हॉलमध्ये नेलं. कारण काय? फळ्यावर लिहिलं होतं, दुपारी तीननंतर जोराचा वारा शक्य आहे, पावसाचं सांगता येत नाही. मी तडक ताईंच्या दारात. म्हणलं, बाई, आभाळाचं तुम्हाला काय कळतं? माझं गिऱ्हाईक तुम्ही घालवलं. त्या म्हणाल्या, बसा, चहा घ्या, तीन वाजू द्या. मी म्हणलं, चहा नको. तरी बसलो. सव्वातीनला त्यांच्या अंगणातली पत्र्याची बादली उडून शेजारच्या गच्चीवर गेली. ताईंनी कप माझ्याकडं सरकवला. मी गुपचूप चहा प्यायलो.

तेव्हापासून रोज दुपारी त्यांच्या ओट्यावर माझी हजेरी. मी विचारायचो, त्या सांगायच्या. म्हणलं, हा फोटो कोण काढतं? म्हणाल्या, इन्सॅट. आपल्या देशाचा उपग्रह. छत्तीस हजार किलोमीटर वर. मी म्हणलं, म्हणजे किती? म्हणाल्या, इथून पुण्याला दीडशेदा जाल तेवढं. म्हणलं, मग फिरताना तो दुसऱ्या देशावर जात असेल. नाही म्हणाल्या. पृथ्वी जेवढ्या वेळात फिरते तेवढ्याच वेळात तो फिरतो. आपल्या बरोबरीनं. म्हणून आपल्याला सोडून तो कुठंच जात नाही. दर अर्ध्या तासाला फोटो काढतो, दिवसा पण, रात्री पण.

मी म्हणलं, थकत नाय? थकतो म्हणाल्या. इंधन संपतं, यंत्रं जुनी होतात. म्हणून एक पाठवून भागत नाही. मालिका लागते. एकाचं संपायच्या आधी दुसरा वर गेलेला पाहिजे. पहिला तर लवकरच बंद पडला होता, युनूसभाई. तेव्हा कुणी म्हणालं नाही की जाऊ द्या, राहू द्या. पुढचा पाठवला. फोटो थांबला नाही पाहिजे.

हे मी तुम्हाला का सांगतोय ते ध्यानात ठेवा. फोटो थांबला नाही पाहिजे.

आता फळ्याची रीत. बाहेरगावच्या मंडळींनी नीट बघा. पहिली ओळ कसली आहे? कालच्या चुकीची. आजचा अंदाज लिहायच्या आधी ताई काल काय चुकलं ते लिहायच्या. काल वारा म्हणाले, आला नाही. काल मोकळं म्हणाले, चार थेंब पडले. रोज. मी म्हणायचो, ताई, कोणता दुकानदार दुकान उघडल्या उघडल्या सांगतो की काल माझा माल खराब निघाला? त्या म्हणायच्या, युनूसभाई, इन्सॅट वरून बघतो, ढगाचं डोकं त्याला दिसतं, पोट दिसत नाही. चुकणारच. चुकलेलं लिहिलं नाही तर लोक एक तर आंधळा विश्वास ठेवतील, नाहीतर अजिबात ठेवणार नाहीत. दोन्हीत नुकसान. आणि तीन दिवस चूक निघाली नाही तर त्यांना करमत नसे. म्हणायच्या, मी नीट तपासलं नसणार.

दुसरी ओळ आजची. तिच्यात आधी फोटोची वेळ, मग अंदाज.

आणि खाली? खाली बघा. खाली एक ओळ रिकामी. दोन वर्षं झाली, ती रिकामी आहे. रेघा मारून ठेवलेली, कोरी. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी ताईंना विचारलं असेल, ही कशाला सोडता? मला पण लोक विचारायचे. ताई हसून म्हणायच्या, आहे एकाची. मी म्हणायचो, मला काय माहीत.

मी खोटं बोलायचो. मला माहीत होतं. ती ओळ माझी आहे.

शोभाताई, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसलाय. तुम्ही आज आलात ते बघून मला बरं पण वाटलं आणि घाम पण फुटला. बसा, उठू नका. आधी ऐकून घ्या. मग काय बोलायचं ते बोला, सगळ्यांसमोर बोला, मी इथंच उभा राहतो.

दोन वर्षांमागं शोभाताईंच्या मुलीचं लग्न होतं, गारखेड्याच्या मैदानावर. मंडप माझा होता. ऐन उन्हाळा. त्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, संध्याकाळ मोकळी. आणि साडेचारला वावटळ आली, पाठोपाठ पाऊस. मंडपाची एक बाजू बसली. पाईप शोभाताईंच्या भावाच्या हातावर पडला. हात मोडला. नवरी भिजली, जेवण भिजलं, सगळ्या वऱ्हाडात रडारड. पोरीच्या लग्नात असं व्हावं?

लोक काय म्हणाले ते आठवतं? मला पाठ आहे. म्हणाले, मंडपवाल्याची काय चूक, फळ्यावरच मोकळं लिहिलं होतं. मी मान हलवत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी ताई काळा चष्मा लावून चौकात आल्या. शोभाताई तिथंच होत्या. तुम्ही म्हणालात, काळा चष्मा लावून फोटो बघता, मग काय दिसणार तुम्हाला. फोडून टाका हा फळा. तुमच्या जागी मी असतो तर मी पण हेच बोललो असतो. ताईंनी खडू घेतला आणि पहिल्या ओळीत लिहिलं, काल मोठी चूक झाली, फोटोची वेळ चुकीची वाचली गेली, जबाबदारी माझी, इंदू साळवे. त्या दिवसापासून शोभाताई त्यांच्याशी बोलल्या नाय. आणि ताई दर रविवारी तुमच्या भावाला बघायला येत राहिल्या, प्लास्टर निघेपर्यंत. तुम्ही आत निघून जायचात. त्या त्याच्याजवळ बसून यायच्या.

आता ऐका. लग्नाच्याच दिवशी सकाळी ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. म्हणून काळा चष्मा. लोक उगाच भेटायला गर्दी करतात म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, एक दिवस तुम्ही लिहा, रोज बघताच की. फोटोत जे दिसतं तेवढंच लिहा.

तो फळा मी लिहिला होता.

भर दुपारी, ऊन मी म्हणत होतं, चौकात कुत्रं नव्हतं. मी मोबाईल उघडला. फोटोवर वरच्या बाजूला दोन वेळा लिहिलेल्या असतात. एक जगाची, एक आपली. साडेपाच तासांचा फरक. रोज ताई वेळ वाचायच्या, मी नुसते ढग बघायचो. त्या दिवशी मी पहिली दिसली ती वाचली. नऊ. पैठणच्या वर पांढराशुभ्र गोळा दिसत होता. मी म्हणलं, हा सकाळी नऊचा ढग. आता तीन वाजले, आभाळ तर कोरं आहे, म्हणजे विरला असणार. लिहिलं, संध्याकाळ मोकळी. ते जगाचे नऊ होते. आपले अडीच. ढग जिवंत होता आणि आपल्याकडं निघाला होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ म्हणलं असतं, शिकत होता, चुकला. पण मी त्या दिवशी गारखेड्यात पोरांना फोन केला. म्हणलं, संध्याकाळ मोकळी आहे, बाहेरच्या ताणाचे दोर नका मारू, पाहुण्यांच्या पायात येतात. माझ्याच हाताची चूक, माझ्याच मंडपावर, आणि हात मोडला दुसऱ्याचा.

मी ताईंकडं गेलो. रडलो. त्या म्हणाल्या, दोन वेळा असतात हे तुम्हाला सांगायला मी विसरले. खडू मी दिला. माझ्या वाट्याची चूक मी लिहिली. म्हणलं, आणि माझ्या वाट्याची? म्हणाल्या, ती मी कशी लिहू? ती तुम्ही लिहायची. खाली एक ओळ ठेवते. जमेल तेव्हा लिहा.

जमेल तेव्हा. मी म्हणलं, लग्नसराई जाऊ दे, आत्ता लिहिलं तर एक मंडप मिळणार नाय. लग्नसराई गेली. गणपती आले, मोहर्रम झाला, जयंतीचे मंडप झाले. परत लग्नसराई आली. दोन वर्षं मी रोज त्या ओट्यावर बसलो, रोज त्यांच्या हातचा चहा प्यायलो. रोज त्या फळा पुसायच्या, दोन ओळी लिहायच्या आणि तिसरीच्या रेघा नव्यानं मारायच्या. माझ्यासमोर. एकदा विचारलं नाय. एकदा सुद्धा नाय. मला वाटायचं, विचारतील तर बरं होईल. त्या म्हणायच्या, युनूसभाई, थंडी वाढतेय, कानटोपी घाला.

हेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं झालं. त्या दिवशी संध्याकाळी छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. माझी ओळ तशीच राहिली. मी कुणाला तोंड दाखवू?

पण रडायला मी इथं उभा नाय. आता कामाचं बोलतो.

आज नववा दिवस. फळ्यावर अजून ताईंचंच अक्षर आहे. वाचून दाखवतो. काल ढगाळ म्हणाले, ऊन पडले. सकाळी अकराचा फोटो, आभाळ मोकळे, रात्री थंडी वाढेल. हे अक्षर पुसायला कुणाचा हात धजत नाय. कुणी म्हणतं, काच लावू. कुणी म्हणतं, तसंच जपू. माझा पण जीव होत नाय हो. पण परवा काय झालं ते सांगतो. दुपारच्या पाळीला वाळूजला जाणारा एक पोरगा फळा वाचून गेला, रेनकोट घरी ठेवून. येताना भुरभुर लागली. मोटरसायकलवर कुडकुडत आला. चौकात मला म्हणाला, चाचा, फळ्यावर तर मोकळं लिहिलंय. आठवड्यामागचं मोकळं.

ताई असत्या तर आपल्या सगळ्यांना फैलावर घेतलं असतं. शिळा अंदाज त्यांनी एक दिवस ठेवला नाय. जपून ठेवलेलं त्यांचं अक्षर आता रोज लोकांना खोटं सांगतंय, आणि ते त्यांच्या नावावर जातंय. त्यांच्या नावावर एक खोटं मी दोन वर्षं चालू दिलं. दुसरं चालू देणार नाय.

काल मी प्रज्ञाकडं गेलो. म्हणलं, बेटा, पुसावं लागेल. ती म्हणाली, काका, आईचं शेवटचं अक्षर आहे ते. मग ती उठली, मोरीतून फडकं भिजवून आणलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, आई ओल्या फडक्यानं पुसायची, कोरड्यानं खडू नाकात जातो. मी म्हणलं, हे फडकं तुझ्याकडं ठेव. उद्या तू पुसशील, मी लिहीन.

तर ठरलंय ते असं. उद्यापासून नाय, आजपासून फळा चालू. प्रज्ञा सासरी गेली की पुसणार पण मीच. आणि एकट्या माझ्यावर सोडू नका, मी काय करतो ते तुम्ही आत्ता ऐकलंत. मला दर आठवड्याला दोन माणसं पाहिजेत फोटो बघायला शिकणारी. वाळूजची पोरं या, पापडवाल्या बाया या. एकाचं इंधन संपायच्या आधी दुसरा तयार पाहिजे. ओट्यावर प्रज्ञानं जागा दिलीय. चहा मी करेन, ताईंसारखा होणार नाय.

आता मी खडू घेतो. हा त्यांचाच तुकडा आहे, फळ्याच्या कडेला ठेवलेला. सगळ्यात आधी खालची ओळ. लिहिता लिहिता वाचतो, मागच्यांना दिसणार नाय.

"शोभाताईंच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी फळा मी लिहिला. फोटोची वेळ चुकीची वाचली. मंडपाचे दोर मीच कमी मारले. दोन वर्षं गप्प बसलो. युनूस मंडपवाला."

शोभाताई, माफी मी मागतो, पण ती द्यायची की नाय ते तुमच्याकडं. माझी एकच विनंती आहे. माझ्यावरचा राग माझ्यावर ठेवा. ताईंवरचा आज इथं उतरवून जा. त्यांचा तुमच्यावर कधीच नव्हता.

ही ओळ आठवडाभर पुसायची नाय. वरच्या दोन पुसायच्या. प्रज्ञा, ये बेटा. सावकाश.

आता ते कापड. ताईंनी मला एकदा अंगणात उभं करून दाखवलं होतं. दक्षिणेला तोंड करायचं, मान वर करायची, पार डोक्यावर नाय, त्याच्या जरा खाली. तिथं असतो तो. दिसत नाही, पण तिथंच असतो, म्हणाल्या. दक्षिणेचं कापड त्यासाठी सोडलंय. आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाय. डोळे मिटायचे नाय, तिकडं बघायचं. त्या जागेकडं ताईंनी सगळा जन्म बघितलं.

दोन मिनिटं झाली की मी आजची ओळ लिहिणार. फोटो येऊन पडलाय, मी मघाशीच उघडून ठेवलाय. वर दोन वेळा आहेत. जगाचे साडेपाच. आपले अकरा.

इंदूताई, अकरा. या वेळी बरोबर वाचलं ना?

उठा.